शेकरू, पापलेट आणि पऱ्हाटी

तलाठी भरतीपासून एमपीएससीपर्यंत कुठल्याही परीक्षेची तयारी करणारं पोर हा तक्ता झोपेतही म्हणून दाखवतं. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल तामण, राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत, राज्य कांदळवृक्ष पांढरी चिप्पी आणि राज्यमासा पापलेट. एका गुणाचा प्रश्न असतो, चार पर्याय असतात, उत्तर पाठ असतं.

हाच तक्ता हातात घेऊन मारेगावात उभं राहिलं की गंमत सुरू होते. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या करंजीहून वणीकडे वळलं की मारेगाव लागतं. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी एकाचं हे ठिकाण. भोवताली पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तुरीची शेतं, मध्ये सागाचे जंगलपट्टे आणि जंगलाच्या कडेकडेने कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. उलट बंगालचा उपसागर साधारण पाचशेवर, म्हणजे तोच जवळ. तरीही तक्त्यातले दोन मानकरी अरबी समुद्राच्या खाऱ्या पाण्यातले. मग या तक्त्यातलं मारेगावच्या वाट्याला काय येतं, आणि मारेगावचं तक्त्यात काय जातं, हे एकदा नीट मोजून पाहायला हवं.

अमेरिकेची हौस

राज्याला स्वतःचं फूल, पक्षी, झाड असावं या हौसेला सर्वात मोठा बाजार अमेरिकेत मिळाला. 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा प्रत्येक राज्याने आपलं एक फूल निवडावं आणि सगळ्यांची मिळून राष्ट्रीय पुष्पमाला व्हावी, अशी कल्पना तिथल्या महिलांनी मांडली. तिथून राज्यफुलांची टूम निघाली. मग पक्षी आले, झाडं आली, दगड, जीवाश्म, मासे, कीटक, नाच आणि पदार्थही आले. आता पन्नास राज्यांच्या याद्या इतक्या लांबल्या आहेत की टेक्सासचा राज्यपदार्थ ‘चिली’ हा मांसाचा रस्सा आहे, आणि मेरीलँडचा राज्यखेळ घोड्यावरून भाल्याने कडं टिपण्याचा आहे. कार्डिनल नावाचा लाल पक्षी तर सात राज्यांनी एकाच वेळी आपला म्हणून लावून घेतला आहे.

यातलं हसण्यासारखं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट घेण्यासारखी उरते. मॅसॅच्युसेट्सचा राज्यकीटक लेडीबग आहे. तो 1974 साली ठरला, आणि ठरवा म्हणून विधिमंडळाच्या मागे लागली ती फ्रँकलिन गावच्या शाळेतली दुसरीची मुलं. तिथे अशा अनेक मागण्या शाळांतून निघतात, आमदार त्या सभागृहात मांडतात, त्यावर वाद होतो आणि मग कायदा होतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत उरकतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि तिसऱ्या दिवशी ती परीक्षेच्या पुस्तकात जाते.

टेक्सासच्या यादीत आणखी एक नोंद आहे, ती मारेगावकराने मुद्दाम वाचावी. 1997 साली त्या राज्याने आपला ‘राज्यधागा’ ठरवला. तो कापूस. त्याकडे पुढे यायचंच आहे.

सातांची हजेरी

पहिला शेकरू. ही मोठी खार झाडावरून झाडावर उडी घेत जगते, जमिनीवर क्वचित उतरते आणि एकेक शेकरू अनेक घरटी बांधून ठेवतो. त्याला फांदीला फांदी लागलेलं उंच, सलग रान लागतं. महाराष्ट्रात त्याचं नाव घेतलं की भीमाशंकर आठवतं. 1985 साली जाहीर झालेल्या त्या अभयारण्याची ओळखच शेकरू आहे. विदर्भात तो भेटतो मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या दाट जंगलात. मारेगावच्या रानाचे तुकडे शेतांनी तोडलेले आणि साग उन्हाळ्यात पानं गाळणारा. इथलं पोर शेकरू पाहतं ते पुस्तकात.

दुसरा हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांची हरोळी. इथे मात्र मारेगावला पैकीच्या पैकी गुण. वड, पिंपळ, उंबर पिकले की पहाटे हरियालांचे थवे त्यावर उतरतात. पोपटी-राखाडी अंग पानांत असं मिसळतं की डझनभर पक्षी बसलेलं झाड रिकामं वाटतं. त्यांची शीळ ऐकून वर पाहावं, काही दिसू नये, आणि टाळी वाजवल्यावर सगळा थवा एकदम उठावा, हा अनुभव या भागात कुणालाही नवा नाही. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरला तरी पंजात काडी धरतो, अशी जुनी समजूत आहे. काडीचं खरं नाही, पण तो फळांवर जगणारा आणि झाडावरच राहणारा पक्षी आहे, हे खरं. म्हणून शेताच्या धुऱ्यावरचा एक जुना उंबर तुटला तर राज्यपक्ष्याची खानावळ बंद होते.

तिसरा आंबा. तो सगळ्यांचाच आहे. फक्त राज्यवृक्ष म्हटल्यावर डोळ्यापुढे देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या येतात, आणि मारेगावकडे आंबा म्हणजे शेतातलं थोराड गावरान झाड. त्याची फळं लहान, रेषेची, चोखून खायची. प्रत्येक झाडाची चव निराळी आणि त्या चवीवरून ठेवलेलं नाव निराळं. कलमी बागांनी ही झाडं मागे सारली, आणि सरपणासाठी, फर्निचरसाठी त्यांच्यावर कुऱ्हाडही चालली.

चौथं तामण. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या तुऱ्यांनी लदबदणारं हे झाड बरोबर महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे फुलतं. कोकणातल्या ओढ्याकाठचं हे झाड मारेगावच्या बाजूला दिसलं तर रस्त्याकडेला किंवा कचेरीच्या आवारात लावलेलं दिसतं. त्याचा चुलतभाऊ मात्र इथल्या सागवनात पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. त्याला लेंडिया म्हणतात. कुळ तेच, फूल बारीक पांढरं, लाकूड बळकट. त्याला कुणी मान दिला नाही.

पाचवं नीलवंत. काळ्या मखमलीवर निळे ठिपके पसरावेत असे पंख असलेलं हे फुलपाखरू देशातल्या मोठ्या फुलपाखरांपैकी एक. 2015 साली महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचं मुख्य घर सह्याद्री असलं तरी त्याची अळी लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांची पानं खाते, तेव्हा संत्र्याच्या विदर्भाशी त्याचं नातं अगदीच लांबचं नाही.

उरले दोन, आणि तिथे मारेगाव सपशेल नापास.

समुद्र आणि बिनसमुद्राचे मंत्री

पांढरी चिप्पी खाडीच्या चिखलात उगवते. तिची मुळं शंकूंसारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात, पांढरी फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये ती राज्य कांदळवृक्ष झाली. हाही देशातला पहिलाच मान. राज्यात कांदळवन साधारण 320 चौरस किलोमीटर आहे, ते मुंबई-ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर. पापलेटाचा नंबर लागला 2023 च्या सप्टेंबरमध्ये. अंडी घालायच्या आतच पिल्लं जाळ्यात येऊ लागली, मासळी घटली आणि पालघरच्या सातपाटीसारख्या बंदरातल्या मच्छीमारांना त्याची झळ लागली. म्हणून हा मान.

आता जरा नावं पाहा. चिप्पी जाहीर झाली तेव्हा वनखातं होतं संजय राठोड यांच्याकडे. ते दिग्रसचे आमदार, म्हणजे मारेगावच्याच यवतमाळ जिल्ह्यातले. पापलेट जाहीर केलं मत्स्यव्यवसायमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी. ते चंद्रपूरचे, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की लागतो त्या जिल्ह्यातले. 2015 साली नीलवंत ठरलं तेव्हा वनमंत्री तेच होते. 2023 साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणून स्वीकारलं गेलं, तेव्हा सांस्कृतिक कार्यमंत्रीही तेच. ज्या जिल्ह्यांना खाडी माहीत नाही, बंदर माहीत नाही, तिथल्या दोन मंत्र्यांच्या काळात राज्याच्या समुद्राला बोधचिन्हं मिळाली. यात चूक काही नाही. मंत्री सगळ्या राज्याचा असतो. पण मग सगळ्या राज्याच्या तक्त्यात कोरडवाहू विदर्भाचं खास असं एकही चिन्ह का नाही, हा प्रश्न उरतोच.

राज्यगीताने मात्र ही उणीव थोडी भरून काढली आहे. ते लिहिणारे राजा बढे 1912 साली नागपुरात जन्मले. चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. 19 फेब्रुवारी 2023 च्या शिवजयंतीपासून ते राज्यगीत झालं. गीतात महाराष्ट्राच्या नद्यांची जी नावं येतात त्यात कृष्णा, कोयना, गोदावरी यांच्या पंगतीला वरदाही आहे. ही वरदा म्हणजे आपली वर्धा, यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडची हद्द. दक्षिणेकडून पैनगंगा येते आणि दोघींचा संगम वढा-जुगादला होतो. पुढे वैनगंगेला भेटून त्या प्राणहिता होतात, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि मारेगावच्या नाल्याचं पाणी आंध्रात काकीनाड्याजवळ समुद्रात पोचतं. तिथे गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. मारेगावचं पाणी कांदळवनापर्यंत जातं खरं, पण ते दुसऱ्या राज्याच्या कांदळवनापर्यंत.

गाव तेच, पाटी बदलती

राज्याची चिन्हं पाठ करताना आपण धरून चालतो की राज्य म्हणजे कायमची वस्तू. मारेगावच्या भागाला तसं धरून चालता येत नाही. हा वऱ्हाडचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. 1853 साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा हा दुहेरी मामला. 1902 साली लॉर्ड कर्झनने निजामाशी कायमचा भाडेपट्टा केला, वर्षाला पंचवीस लाख रुपये. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. तोपर्यंत या जिल्ह्याचं नाव वणी होतं. इंग्रज त्याला ‘वून’ म्हणत. 1905 च्या फेररचनेत पुसद तालुका जोडून त्याचं नाव यवतमाळ झालं.

1950 साली मध्य प्रांत-वऱ्हाडाचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे 1900 साली मारेगावात जन्मलेल्या आणि कधी गाव न सोडलेल्या माणसाने साठाव्या वर्षापर्यंत पाच सरकारांच्या पाट्या पाहिल्या. मध्य प्रदेशातच राहिलो असतो तर आज इथलं पोर राज्यप्राणी बारशिंगा आणि राज्यपक्षी दूधराज असं घोकत असतं. वडावरचा हरियाल तेव्हाही होता आणि आताही आहे. फक्त त्याच्या पदव्या बदलल्या असत्या.

सहावी पाटी लागता लागता राहिली. फाजल अली आयोगाने 1955 साली वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. त्या मागणीचे मोठे पुढारी लोकनायक बापूजी अणे, जन्म 29 ऑगस्ट 1880, वणीचा. टिळकांचे अनुयायी, बिहारचे राज्यपाल, संस्कृतचे पंडित. टिळकांवरच्या त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1962 साली ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. यवतमाळ जिल्ह्यानेच महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्रीही दिले. 1963 पासून 1975 पर्यंत सलग कारभार पाहिलेले वसंतराव पुसदजवळच्या गहुलीचे. एकाच जिल्ह्याने राज्य वेगळं मागणारा आणि राज्य सर्वांत जास्त काळ चालवणारा, असे दोघेही दिले. राज्यचिन्हांच्या तक्त्यात मात्र या जिल्ह्याची खूण नाही.

पैनगंगेपलीकडचा तक्ता

या भागाच्या अंगाला लागून असलेलं राज्य म्हणजे तेलंगण. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. 2 जून 2014 ला ते राज्य जन्माला आलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याने आपली चिन्हं ठरवली. आता तो तक्ता मारेगावातून वाचा.

राज्यप्राणी चितळ. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात ते कळपाने आहेत. राज्यपक्षी पालपिट्टा, म्हणजे आपला नीलकंठ किंवा चास. तुरीच्या शेतावरच्या तारेवर बसलेला आणि उडताना निळा पंख उघडणारा. तेलंगणात दसऱ्याला तो दिसणं शुभ मानतात. राज्यवृक्ष जम्मी, म्हणजे शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. राज्यफूल तंगेडू, म्हणजे माळरानावरचा पिवळा तरवड. बतुकम्माच्या सणात तेलंगणातल्या बाया त्याचीच फुलं रचतात. आणि यादीत नंतर आलेला राज्यमासा कोर्रमीनु, म्हणजे मरळ. तळं आटलं तरी चिखलात तग धरणारा, हवेतून श्वास घेणारा, विदर्भाच्या बाजारात भावाने वर असलेला मासा.

पाचच्या पाच. शेजारच्या राज्याने आपल्यासाठी केलेली यादी मारेगावला आपल्या राज्याच्या यादीपेक्षा चपखल बसते. यामागे तेलंगणाची हुशारी कमी आणि भूगोल जास्त आहे. राज्याची सीमा भाषेवरून आखली. चितळ, चास आणि मरळ यांना ती सीमा लागू नाही. कोरडं पानझडी रान, काळी माती, उथळ तळी हा एकच पट्टा नदीच्या दोन्ही बाजूंनी पसरला आहे. माणसंही तशीच. कोलाम हे महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित समजल्या जाणाऱ्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. 1955 साली भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोलामांचे पोड यवतमाळात आहेत तसे आदिलाबादेतही आहेत.

टिपेश्वरचा वाघही हेच सांगतो. 148 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य त्याला अपुरं पडलं. तिथून 2019 साली एक तरुण नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. तो तेलंगणात जाऊन आला, शेतं, रस्ते, गावं ओलांडत राहिला आणि हजारो किलोमीटर चालून अखेर बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याला राज्य ठाऊक नव्हतं. त्याला हवं होतं रान, भक्ष्य आणि जोडीदार.

पऱ्हाटीचा दावा

मग मारेगावचा स्वतःचा तक्ता असावा का? असावा, आणि तसं करायला आडकाठीही नाही. केरळातल्या कासरगोड जिल्ह्याने 2023 साली आपलं स्वतःचं झाड, फूल, पक्षी आणि एक कासव जिल्हाचिन्हं म्हणून ठरवली. कर्नाटकाला खेटलेला हा जिल्हा, आणि तिथे मराठी घरंही आहेत. राज्याची चिन्हं आपल्यापर्यंत पोचत नाहीत, असं वाटणारे जिल्हे देशात आणखीही असतील.

आपल्याकडे साधन तयार आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. मारेगाव तालुक्यातली बरीच गावं पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, म्हणजे तिथे पेसा कायदा आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. नोंदवहीची पानं शाळेच्या पोरांकडून भरून घेतली तर मॅसॅच्युसेट्सच्या दुसरीच्या वर्गाने केलं ते इथेही होईल.

उमेदवारांची कमतरता नाही. दगड घ्या. झरी-जामणी तालुक्यातल्या शिबल्याजवळ सहा कडांचे बेसाल्टचे खांब जमिनीखालून उघडे पडले. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लोकांपुढे आणले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचा थर हळूहळू थंड होताना आकसला आणि असे खांब पडले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीच्या खांबांची आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या ‘डेव्हिल्स टॉवर’ या खांबांच्या सुळक्याला 1906 साली त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं. शिबल्याच्या खांबांना निदान तालुक्याचा दगड तरी म्हणता येईल.

फूल म्हणून पळस उभा आहे. फाल्गुनात सगळी पानं टाकून तो पेटतो तेव्हा मारेगाव-वणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रानं केशरी होतात. झारखंड आणि उत्तर प्रदेशाने त्याला राज्यफूल केलं. पत्रावळी-द्रोणांपासून धुळवडीच्या रंगापर्यंत ज्याने इथे कामं केली, त्याला आपल्याकडे मात्र कुठेच जागा नाही.

आणि कापूस. याचा दावा सर्वांत भक्कम आहे आणि सर्वांत अवघडही. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. तो थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, ज्वारीच्या जागी कापूस आला, पुढे कापसासाठी रेल्वे आली, मुर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी ‘शकुंतला’ रेल्वेही त्याच पोटी. तेव्हाचा कापूस देशी होता, आखूड धाग्याचा. आज मारेगावच्या शेतात उभी असलेली पऱ्हाटी अमेरिकन वंशाची आहे, टेक्सासने राज्यधागा म्हणून मिरवलेली तीच जात. 2002 साली बीटी वाणाला परवानगी मिळाल्यावर तर देशी कापूस जवळपास हद्दपारच झाला. कापसाने या जिल्ह्याला ‘पांढऱ्या सोन्याचा जिल्हा’ हे नाव दिलं, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी त्याचं नाव देशभर पोचवलं. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होता.

अशा पिकाला चिन्ह म्हणून मान द्यावा का? टेक्सासला हा प्रश्न बहुधा सोपा गेला असेल. मारेगावच्या ग्रामसभेत तो सोपा जाणार नाही, आणि जाऊही नये. ज्याने बोंड वेचलं तो एक सांगेल, ज्याच्या घरचा कर्ता त्या बोंडापायी गेला ती दुसरं सांगेल. पोडावरचे कोलाम कदाचित पळसाच्या किंवा मोहाच्या बाजूने उभे राहतील, कारण त्यांच्या हाताला कापसापेक्षा रानाने जास्त दिलं आहे. वणीच्या बाजारात गाठी विकणारा कापसाला मत देईल. हरियालावर बहुधा सगळ्यांचं एकमत होईल. मरळीवर खवय्ये भांडतील. असं भांडण होऊन जी यादी ठरेल ती महाराष्ट्राच्या तक्त्याहून लहान असेल, पण मारेगावच्या माणसाला तिच्यातली प्रत्येक नोंद आपल्या धुऱ्यावर, नाल्यात किंवा सातबाऱ्यावर दाखवता येईल.